दिवसभर पासवर्ड रिसेट, पुढे काय?

प्रश्न: मी मूळची बार्शीची. बी.सी.एस. झाले आणि अडीच वर्षांपासून हिंजवडीत एका कंपनीच्या सर्व्हिस डेस्कवर, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या कॉम्प्युटरच्या तक्रारी घेणाऱ्या विभागात, एल-वन (पहिल्या पातळीवर) आहे, तेही थर्ड पार्टी पेरोलवर, म्हणजे पगार दुसऱ्याच कंपनीकडून. पासवर्ड रिसेट, अकाउंट अनलॉक, व्हीपीएन, प्रिंटर, रोज तेच. टीम लीडची जागा एकच, तीही भरलेली. हल्ली लॉगिन करायचीच इच्छा होत नाही. बाबा म्हणतात बँकेच्या परीक्षा दे, भाऊ म्हणतो एम.बी.ए. कर. कामात मन कसं लावू?

उत्तर: तुझं मन लागत नाही, यात मला आळस दिसत नाही. एल-वनच्या कामाची रचनाच तशी असते. लिहून दिलेल्या पायऱ्या पाळायच्या, एसएलएच्या, म्हणजे ठरवून दिलेल्या, वेळेत तिकीट (नोंदवलेली तक्रार) बंद करायचं, नाही जमलं तर एल-टूकडे, म्हणजे वरच्या पातळीकडे, सरकवायचं. तक्रार मुळात आली कुठून, हे तिथे कुणी विचारत नाही. काही महिन्यांत सगळं अंगवळणी पडतं आणि शिकणं थांबतं. तेव्हा मनाला दामटून बसवू नकोस. शिकणं पुन्हा सुरू झालं की मन आपसूक लागतं, हे मी तुझ्यासारख्या अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

आणि ते लवकर सुरू करायला हवं. पासवर्ड रिसेटचं काम आता बऱ्याच ठिकाणी कर्मचारी स्वतःच पोर्टलवरून करतात. फक्त तिकिटं बंद करण्यावर उभी असलेली नोकरी फार काळ टिकेल, असा भरवसा मी तुला देणार नाही.

सुरुवात हातातल्या तिकिटांपासूनच कर. लीडची परवानगी घेऊन गेल्या तीन महिन्यांची तिकिटं कारणानुसार लाव आणि कोणती तक्रार पुन्हा पुन्हा येते ते बघ. अकाउंट लॉकचंच उदाहरण घे. माणूस पासवर्ड बदलतो, पण त्याच्या मोबाइलच्या मेल ॲपमध्ये जुनाच पासवर्ड राहतो. ॲप तो पाठवत राहतं आणि खातं पुन्हा लॉक होतं. तू अनलॉक करतेस, अर्ध्या तासाने तोच माणूस परत फोन करतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरी (कर्मचाऱ्यांची खाती सांभाळणारी मायक्रोसॉफ्टची यंत्रणा) असेल, तर ती चालवणाऱ्या सर्व्हरच्या, म्हणजे डोमेन कंट्रोलरच्या, सिक्युरिटी लॉगमध्ये खातं लॉक झाल्याची ४७४० क्रमांकाची नोंद असते. चुकीचा पासवर्ड कुठल्या यंत्राकडून आला, याचा माग बहुतेक वेळा तिथे लागतो. तो लॉग बघायचे अधिकार तुला नसतील, तर एल-टूच्या एखाद्या सहकाऱ्याशेजारी बसून बघ. कारण कळलं की अर्ध्या पानाचं नॉलेज आर्टिकल (ही तक्रार कशी सोडवायची याचं टिपण) लिही आणि तुझ्या नावाने तिकिटांच्या टूलमध्ये टाकून घे. आयटीआयएलच्या (आयटी सेवा चालवण्याच्या प्रमाण पद्धतीच्या) भाषेत तू इन्सिडेंटकडून, म्हणजे एकेका तक्रारीकडून, प्रॉब्लेमकडे, म्हणजे तिच्या मूळ कारणाकडे, सरकलीस, आणि एल-टूच्या मुलाखतीत नेमकं हेच विचारतात. ‘रोज चाळीस तिकिटं सोडवली’ हे सगळ्यांच्याच रेझ्युमेवर असतं. ‘लॉकआउटची पुन्हा पुन्हा येणारी तिकिटं कमी केली’ असं लिहून आधीचा आणि नंतरचा आकडा दिलास, तर समोरचा थांबून वाचतो.

सरावासाठी क्लास लावायची गरज नाही. विंडोज सर्व्हरची चाचणी आवृत्ती १८० दिवस मोफत मिळते. ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) एक छोटं डोमेन, म्हणजे कंपनीसारखीच खात्यांची यंत्रणा, उभं राहतं. त्यावर खाती बनव, मुद्दाम लॉक कर, पॉवरशेलने (विंडोजला लेखी आज्ञा देण्याचं साधन) लॉक झालेल्यांची यादी काढ. कंपनीच्या यंत्रणेवर मात्र असले प्रयोग अजिबात करू नकोस. प्रमाणपत्र हवंच असेल तर एकच घे. मायक्रोसॉफ्टच्या ॲझ्युर या क्लाउड सेवेचं एझेड-९०० पायाभूत आहे, तेवढ्यावर थांबून उपयोग नाही. तुझ्या कामाला लागून असलेलं एझेड-१०४ (ॲझ्युर ॲडमिनिस्ट्रेटरचं) मला जास्त मोलाचं वाटतं, आणि त्याचा अभ्यास मायक्रोसॉफ्ट लर्नवर फुकट होतो. रात्रपाळीच्या आठवड्यात अभ्यास ठेवूच नकोस, झोप पूर्ण कर. थकलेल्या शरीराला कुठलंच काम आवडत नाही.

आता पेरोलबद्दल. ही भिंत खरी आहे. आतल्या जागांच्या जाहिराती बऱ्याचदा फक्त कंपनीच्या कायम कर्मचाऱ्यांसाठी असतात. म्हणून मॅनेजरला सरळ विचार: ‘गेल्या दोन वर्षांत या डेस्कवरून एल-टूला किंवा कंपनीच्या पेरोलवर कोण गेलं?’ हाच प्रश्न तुझ्या पेरोल कंपनीच्या एचआरलाही विचार. दोन-तीन नावं सांगितली, तर त्यांना भेट आणि ते कसे गेले ते विचारून घे. नावच निघालं नाही, तर या डेस्कवर जिद्दीने टिकून राहण्यात मला शहाणपण दिसत नाही. पुढच्या अप्रेझलपर्यंतची मुदत ठरव आणि तोवर डेस्कटॉप सपोर्ट, सिस्टिम ॲडमिन, क्लाउड सपोर्ट अशा जागांसाठी बाहेर अर्ज सुरू कर.

बाबांचं म्हणणं उडवून लावू नकोस. बँकेचं काम तुला मनापासून आवडणार असेल तर जरूर परीक्षा दे. आयबीपीएस पीओसाठी सर्वसाधारण वयोमर्यादा ३० आहे, म्हणजे वेळ गेलेली नाही. पण केवळ या डेस्कपासून सुटका म्हणून देणार असशील, तर अभ्यासाच्या तिसऱ्या महिन्यात हाच कंटाळा तिथेही येईल. एम.बी.ए. मी आत्ता सुचवणार नाही, फी मोठी आहे आणि तुझी अडचण तांत्रिक कामाची खोली न मिळण्याची आहे. पदवीच वाढवायची तर नोकरी सांभाळून इग्नूचं दोन वर्षांचं एम.सी.ए. करता येतं.

नव्या जागेचं ऑफर लेटर हातात पडेपर्यंत राजीनामा देऊ नकोस. तुझा नोटीस पिरियड साठ दिवसांचा आहे की नव्वद, हे तुझ्या नेमणूक पत्रात आजच बघून ठेव. मुलाखतीला बोलावताना पहिल्याच फोनवर ते विचारतात.