वाटीभर दे, डबाभर नको

प्रश्न : मी ३३ वर्षांची, लालबागच्या चाळीत राहते, नोकरी बीकेसीत. आमच्या मजल्यावर टोकाच्या खोलीत ७४ वर्षांच्या काकू एकट्या असतात. काका गेल्या वर्षी गेले, मुलगा बंगळुरूला आहे. मी त्यांना रोज रात्री डबा द्यायला लागले. चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘काकूंकडे आळीपाळीने लक्ष देऊ या’ असंही लिहिलं. आठवड्याभरात त्या म्हणाल्या, ‘उद्यापासून नको गं.’ आता दारही अर्धंच उघडतात. माझं काय चुकलं?

उत्तर : तुझा डबा त्यांनी आठवडाभर घेतला होता. खटकला असेल तो बहुधा ग्रुपवरचा मेसेज. इतकी वर्षं ज्या चाळीत मानाने राहिल्या, तिथे आपल्याविषयी अशी चर्चा झालेली कुणालाही लागते. आता ग्रुपवर खुलासा टाकू नकोस, विषय पुन्हा निघेल. एकदा दारात उभी राहा, ‘काकू, ग्रुपवर लिहायला नको होतं मी’ एवढंच म्हण आणि लगेच पाण्याचं, भाजीचं काहीतरी बोल. ‘असू दे गं’ ऐकायला थांबू नकोस.

डब्याचीही एक अडचण होती. या वयात रात्रीचं जेवण म्हणजे दोन फुलके, वाटीभर भाजी, फार तर चार घास भात. त्याहून जास्त आलं की अन्न टाकवत नाही म्हणून ते दुसऱ्या दिवशी शिळं खाल्लं जातं आणि पोट बिघडतं. शिवाय रिकामा डबा परत करायचा नाही, ही आपल्याकडची रीत. रोज डबा आला म्हणजे रोज त्यात काय घालून पाठवायचं, हा घोर. म्हणून आता रोजचं बंद कर. एकट्या माणसासाठी जे करायला जिवावर येतं तेवढंच दे : चार अळूवड्या, एक पुरणपोळी, पावकिलो थालिपिठाची भाजणी. मधुमेह आहे का, ते आधी विचार. वाटीतून दे आणि वाटी साखर घेऊन परत आली तर मुकाट्याने घे. ‘कशाला काकू?’ म्हणालीस तर त्यांचं देणं तू परतवलंस असं होतं.

खरी गरज जेवणापेक्षा जड वस्तू उचलायला मदतीची असते, तिकडे बघ. पहाटे नळाला पाणी आलं की त्या बादल्या वाहतात का? दहा लिटरची भरलेली बादली दहा किलोंवर जाते. ओल्या पॅसेजमध्ये ती घेऊन चालताना पाय घसरला, तर त्या वयात खुब्याचं हाड मोडू शकतं. तुझं पिंप भरताना त्यांच्या दोन बादल्या नळाखाली लाव आणि उंबऱ्याच्या आत ठेवून निघून जा. विचारत बसलीस तर उत्तर ‘नको’च येईल. गॅसचंही तसंच. भरलेला सिलिंडर साधारण तीस किलोंचा असतो. ‘काकू, आमचा बदलतेच आहे, तुमचाही बघते’ म्हण. रेग्युलेटर बसवल्यावर जोडाला साबणाचं पाणी लाव, बुडबुडे आले तर गॅस गळतोय. नारिंगी नळीवर छापलेली मुदत वाच. ती पाच वर्षांची असते आणि संपलेली कुणाच्या लक्षातही येत नाही.

बाजारातून त्यांचं काही आणलंस तर पैसे घे, शेवटच्या रुपयापर्यंत. ‘राहू द्या हो, वीसच तर रुपये’ म्हटलंस की पुढच्या वेळी त्या तुला सांगणारच नाहीत. तुझंही काम त्यांच्याकडे असू दे, पण खरं असू दे. दुपारी तू ऑफिसात असताना येणारं कुरियर, इस्त्रीचे कपडे त्यांनी घेऊन ठेवले तर तुझीही सोय होते. उगाच काढलेलं काम म्हाताऱ्या माणसांना लगेच ओळखू येतं.

काकांच्या मागे त्यांना पीएफची पेन्शन मिळत असेल तर दरवर्षी हयातीचा दाखला लागतो. दाखला दिल्या तारखेपासून एक वर्ष चालतो, नोव्हेंबरची वाट बघायची गरज नाही. राहिला की पेन्शन थांबते. पुष्कळ जणी मग लाजेने कुणाला सांगत नाहीत, दुधाची पिशवी आधी बंद करतात. वयामुळे बोटांचे ठसे उमटत नाहीत, म्हणून बँकेतून परत फिरावं लागतं. फोनवर चेहरा दाखवून हे काम घरबसल्या होतं. आधार, पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा क्रमांक), बँक खातं आणि त्यांचा मोबाइल जवळ ठेव, खिडकीच्या उजेडात तोंड करून बसव. ओटीपी त्यांनाच वाचू दे. त्यात पुनर्विवाहाचा रकाना येतो, तो मोठ्याने वाचू नकोस, गुपचूप भर.

रोज दार वाजवून ‘बऱ्या आहात ना?’ विचारायचीही गरज नाही. त्या दुधाची पिशवी कडीवरून किती वाजता काढतात ते तुला आठवड्यात कळेल. त्या वेळेनंतर तासभर पिशवी लटकत राहिली तर मात्र हाक मार. जादा किल्ली मागण्याआधी दार बघ : आतून कडी असेल तर लॅचच्या किल्लीचा उपयोग नाही. बाहेर सेफ्टी डोअर असेल तर तेच रात्री किल्लीने बंद करायचं आणि आतल्या दाराला नुसतं लॅच, असं त्यांना पटलं तर दोन्ही किल्ल्या तुझ्याकडे चालतील. नाही पटलं तर सोडून दे, भीतीपोटी लावलेली कडी समजावून निघत नाही.

काही वेळा मात्र गप्प राहू नकोस. गॅस चालू राहिला, एकच गोळी दोनदा घेतली गेली, पडल्या आणि लपवलं, यातलं काही दिसलं तर मुलाला फोन कर, आणि करतेयस हे काकूंना आधी सांग. त्याचा नंबर आजच घे. सरकारी ज्येष्ठ नागरिक हेल्पलाइन १४५६७ सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते, रुग्णवाहिकेसाठी १०८. तिन्ही नंबर ठळक अक्षरांत लिहून त्यांच्या फोनजवळ लावायचे. कागद त्यांनाच चिकटवू दे.