वर्ष सरलं, भविष्यवाणी फसली. मग देव खोटं बोलला का?

जय ख्रिस्त. सभेत बाहेरून आलेल्या सेवकाने (प्रवचनकाराने) बायबलमधलं यिर्मया 29:11, म्हणजे देव चांगलं भविष्य आणि आशा देईल हे वचन, वाचून 'वर्षाच्या आत नोकरी, देव सांगतोय' असं जाहीर केलं, वर्ष सरलं, आणि आता तीताला पत्र 1:2 मधलं 'देव खोटं बोलू शकत नाही' हे वाचायला मनच होत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या घराला हाच घाव बसलाय, म्हणून लांबलचक लिहितोय. मी पाळक नाही, हे आधीच सांगतो.

देव खोटं बोलत नाही हेच सांगणारी गणना 23:19 आणि इब्री 6:18 तुम्हाला पाठ असतील, ती सोडतो. देवाच्या खरेपणावर बोट ठेवण्याआधी वचन दिलं कोणी आणि कोणाला, एवढं बघा.

यिर्मयाचा 29 वा अध्याय म्हणजे यरुशलेमेहून बाबेलातल्या बंदिवानांना गेलेलं पत्र. घरं बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्नं करा, असं त्यात आहे. 11 व्या वचनातली आशा 10 व्या वचनाला बांधलेली आहे, आणि तिथे मुदत 70 वर्षांची! पत्र ऐकणाऱ्या चाळिशीतल्या माणसाने परतीचा दिवस स्वतः पाहणं जवळपास अशक्यच होतं. हे आश्वासन एकूण लोकांना होतं आणि ते पाळलं गेलं. कार्डावर छापताना 10 वं वचन गाळतात, सगळा घोटाळा तिथेच होतो.

आता मागचा 28 वा अध्याय उघडा. हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात, सगळ्यांसमोर, परमेश्वराच्या नावाने सांगतो की दोन वर्षांत बाबेलचं जू (म्हणजे सत्ता) मोडेल. लोकांना हवं तेच तो बोलला. तो त्याच वर्षी मेला आणि जू तसंच राहिलं. अशा वेळी खोटा कोण ठरतो, हे अनुवाद या पुस्तकाच्या 18:22 मध्ये स्पष्ट आहे: बोललेलं घडलं नाही तर ते परमेश्वराचं बोलणं नव्हे, त्या संदेष्ट्याला भिऊ नका. दोष देवाच्या माथी येत नाही, ऐकणाऱ्याच्या तर नाहीच.

आम्हाला सर्वांत महाग पडलं ते एका सेवा-कार्यालयाचं ठरीव उत्तर: 'तुमचा विश्वास कमी पडला.' ते मनावर घेऊ नका. प्रेषित पौलाने शरीरातला काटा (त्याला छळणारा त्रास) जावा म्हणून तीनदा विनंती केली (2 करिंथ 12). काटा गेला नाही, कृपा मिळाली. त्याचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

कोणी योना संदेष्ट्याचं उदाहरण देईल: त्याच्या इशाऱ्याप्रमाणे 40 दिवसांत निनवे शहर उलथणार होतं, उलथलं नाही. त्याचा नियम यिर्मया 18:7-10 मध्ये आहे. नाशाचा इशारा दिलेलं राष्ट्र वळलं तर देव अरिष्ट आवरतो. निनवे वळलं. सभेत बिनशर्त जाहीर करून वर्षाअखेरीस अट काढणाऱ्याला हा आडोसा मिळत नाही. माझं मत कडक वाटेल, पण देवाच्या नावावर मुदती वाटणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे.

जाता जाता: भविष्यवाणी मिळालीच तर तारीख घालून शब्द न् शब्द लिहून ठेवा आणि मंडळीतल्या दोन जाणत्यांना दाखवा. 1 थेस्सल 5:20-21 दोन्ही सांगतं, धिक्कारू नका आणि पारखा. भविष्यवाणीच्या भरवशावर औषध बंद करू नका, कर्ज काढून दान देऊ नका. नोकरीचे अर्ज चालू ठेवा.