तिसऱ्यांदा नीट, की फार्मसी?

रावेर तालुक्यातले एक वडील लिहितात : मुलगी दोनदा नीटला बसली, सरकारी कॉलेज मिळालं नाही. आता म्हणते, उंदरांच्या मेंदूत बीपीचे रिसेप्टर असतात, त्यावरच काम करायचं. आजीच्या टेलमिसार्टन या बीपीच्या गोळीवरून हे खूळ डोक्यात शिरलं. केळीवाल्याने यावर पैसा लावावा का?

भाऊ, याला खूळ म्हणू नका. अँजिओटेन्सिन हे रक्तवाहिन्या आवळणारं हार्मोन. ते पेशीवरच्या ज्या कुलपाला लागतं, तो एटी-१ रिसेप्टर ती गोळी अडवते, त्यामुळे रक्तवाहिन्या सैलावतात. तोच रिसेप्टर मेंदूच्या तळाशी, ब्रेनस्टेममध्येही असतो. पोरीने नेमकी नस पकडली आहे.

तुमच्या ठिबकला प्रेशर गेज असतो, तसे मानेतल्या धमनीत बॅरोरिसेप्टर असतात. दाब वाढला की ते ब्रेनस्टेमला कळवतात आणि तिथून हृदयाचा, वाहिन्यांचा ताण कमी केला जातो. १९६३ साली जपानमध्ये क्योटोला ओकामोतो आणि आओकी यांनी वयाबरोबर आपोआप बीपी चढणारी उंदरांची जात तयार केली. या उंदरांच्या ब्रेनस्टेममधल्या आरव्हीएलएम नावाच्या भागात एटी-१ अडवणारं औषध अगदी थेंबभरही नाही इतकं सोडलं, तरी दाब उतरतो. निरोगी उंदरांत तसा फारसा उतरत नाही. म्हणजे रोग असताना तिथला हा रिसेप्टर जास्त जोर करतो. असं का होतं, याचा पुरता उलगडा झालेला नाही. संशोधकाला काम आहे ते इथेच.

यासाठी एमबीबीएस लागत नाही, म्हणून तिसऱ्यांदा नीट नको असं माझं स्पष्ट मत आहे. चार वर्षं बी.फार्म., मग जीपॅट ही प्रवेश परीक्षा देऊन फार्माकॉलॉजीत, म्हणजे औषधं शरीरात काय करतात त्या विषयात, एम.फार्म., पुढे पीएच.डी. पोरगी तिशीला टेकेल, हे घरात आजच बोलून घ्या. पीएच.डी.ला जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३पासून दरमहा ३७,००० रुपये आहेत. फीचं म्हणाल, तर कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशफेरीतून, प्रवेश घेतलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस आणि ईबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, २०२४पासून राज्यात शिक्षण शुल्क माफ आहे. दाखले आत्ताच काढून ठेवा.

एक गोष्ट मात्र तिच्याशी तुम्हीच बोला. या कामात उंदराला भूल देऊन डोक्यात सुई घालावी लागते. शेवटी त्याला मारून, मेंदूचे काप करून सुई नेमकी कुठे गेली होती ते पाहतात. प्रत्येक प्रयोगाला नीतिसमितीची परवानगी लागते, तरी हात आपलेच असतात. मला हे सोपं वाटत नाही आणि तिलाही वाटू नये. जमणार नसेल तर पेशींवरचं काम आहे, औषधांच्या चाचण्यांचं आहे.

चोपड्यावरून शिरपूरला जा. तिथल्या आर. सी. पटेल फार्मसी कॉलेजात फार्माकॉलॉजीच्या प्राध्यापकांची वेळ मागा आणि प्रश्न पोरीला विचारू द्या. एमएचटी-सीईटी पीसीबी गटातून दिली असेल तर याच कॅपला फॉर्म भरा. नसेल दिली, तर पुढच्या सीईटीची तयारी लगेच सुरू करू द्या.