वाचकांचे प्रश्न : कॅमेरा घेण्याआधी माउंट ठरवा

या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत "कोणता मिररलेस कॅमेरा घ्यावा?" असेच विचारलेले आहे. कोणती लेन्स घ्यावी, असे विचारणारे थोडे. माझ्या मते हा क्रम उलटा असायला हवा. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, चार-पाच वर्षांत जुनी वाटू लागते, पण लेन्स त्याच्या दुप्पट काळ सहज टिकते, आणि ती कोणत्या बॉडीवर बसेल हे तिचा माउंट, म्हणजे बॉडीला जोडणारे कडे, ठरवतो. पुढील उत्तरे हाच क्रम धरून दिली आहेत.

प्रश्न : माझ्याकडे निकॉनचा डी७२०० हा डीएसएलआर असून १८-१४० मिमीची झूम, ५० मिमी एफ/१.८डी आणि एक ७०-३०० मिमी अशा तीन लेन्स आहेत. नाट्यप्रयोग, दशावतार आणि जत्रा यांचीच छायाचित्रे मी मुख्यतः घेतो. सव्वा लाखापर्यंत खर्च करून मिररलेसकडे वळण्याचा विचार आहे. कोणती कंपनी निवडावी, आणि जुन्या लेन्स चालतील का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेऊ, कारण पहिल्याचे उत्तर बरेचसे त्यावर अवलंबून आहे. डीएसएलआरमध्ये लेन्स आणि सेन्सर (चित्र टिपणारा भाग) यांच्यामध्ये आरशाला उघडझाप करण्यासाठी जागा सोडावी लागते. त्यामुळे निकॉनच्या जुन्या एफ माउंटमध्ये लेन्स जिथे बसते ते कडे सेन्सरपासून ४६.५ मिमी दूर असते. मिररलेसमध्ये आरसाच नसल्याने २०१८ साली आलेल्या झेड माउंटमध्ये हे अंतर अवघे १६ मिमी ठेवता आले. जुनी लेन्स नव्या बॉडीवर लावायची तर मधले साडेतीस मिमी अंतर भरून काढावे लागते, आणि निकॉनचा एफटीझेड अ‍ॅडॉप्टर तेच काम करतो. त्यात काच नसते, त्यामुळे चित्राच्या प्रतीला त्याने बाधा येत नाही.

अडचण येते ती ऑटोफोकसच्या मोटरची. निकॉनच्या जुन्या लेन्समध्ये मोटर नसे; बॉडीतली मोटर एका बारीक दांड्याने लेन्सचा स्क्रू फिरवीत असे. तुमच्या डी७२०० मध्ये ती मोटर आहे, एफटीझेडमध्ये ती नाही. म्हणून ५० मिमी एफ/१.८डी नव्या बॉडीवर बसेल आणि तिचे प्रकाशमापनही होईल, पण फोकस हातानेच करावा लागेल. १८-१४० ही एएफ-एस, म्हणजे आतच मोटर असलेली, असल्यामुळे तिची काळजी नको. ७०-३०० या नावाने निकॉनने अनेक लेन्स काढल्या आहेत, तेव्हा तुमची कोणती हे तिच्या नळीवर वाचून पाहा. 'एएफ-एस' अथवा 'एएफ-पी' अशी अक्षरे असतील तर ती चालेल. नुसते 'एएफ' असेल, आणि लेन्स उलटी धरल्यावर धातूच्या कड्यात पेचकसासाठी असावी तशी खाच असलेले छोटे टोक दिसत असेल, तर तिचा ऑटोफोकस मिळणार नाही. निकॉनच्या लेन्स दुसऱ्या कंपनीच्या बॉडीवर लावणारे अ‍ॅडॉप्टरही बाजारात आहेत, परंतु रंगमंचावर त्यांच्या ऑटोफोकसच्या भरवशावर मी राहणार नाही.

आता प्रकाशाविषयी. फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिरात असो वा पेडण्याच्या एखाद्या देवळासमोरच्या मांडवात असो, नट हलत असतो आणि उजेड बेताचा असतो. त्याचे हावभाव पुसट न होता टिपायचे तर शटरचा वेग निदान १/२०० सेकंद ठेवावा लागतो. बॉडीबरोबर येणारी १६-५० मिमीची छोटी झूम ५० मिमीवर एफ/६.३ पेक्षा अधिक उघडत नाही (एफपुढचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स अधिक उघडते). एफ/१.४ ची लेन्स तिच्या सुमारे वीस पट प्रकाश आत घेते. म्हणजे जे दृश्य एफ/१.४ ला आयएसओ (प्रकाशाला सेन्सर किती संवेदनशील, त्याचा आकडा) ६४० वर मिळते, त्यासाठी त्या झूमवर आयएसओ १२८०० च्या आसपास जावे लागते, आणि दशावतारी नटाच्या चेहऱ्यावरचा रंग तिथे दाणेदार दिसू लागतो. बॉडी बदलून हा वीस पटींचा फरक भरून निघत नाही. तो लेन्सनेच भरून निघतो. बॉडीतल्या स्थिरीकरणाचा गवगवा पुष्कळ होतो, पण ते तुमच्या हाताचा कंप सावरते, नटाची हालचाल थांबवत नाही. तुमच्या कामात त्याला मी फारसे गुण देणार नाही.

हे सारे पाहता निकॉनमध्येच राहावे, असे माझे मत आहे. २०२४ साली आलेला झेड५० टू आणि त्यासाठी सिग्माची ५६ मिमी एफ/१.४ ही जोडी तिसऱ्या-चौथ्या रांगेतून कमरेपासून वरची चित्रे घेण्यास उत्तम आहे. एफटीझेड पैसे उरले तर लगेच, नाहीतर सहा महिन्यांनी घेतला तरी चालेल. जुन्या लेन्सचा पाश नसता तर मी सोनीचेही नाव घेतले असते. ई माउंटची मूलभूत माहिती त्या कंपनीने २०११ पासून इतर उत्पादकांना खुली केली, आणि म्हणून सिग्मा, टॅमरॉन यांच्या लेन्सचा जेवढा विस्तार तिथे आहे तेवढा अन्यत्र नाही.

मूक शटरविषयी एक सावधगिरी बाळगावी. आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर नाटकासाठी मोठीच सोय आहे. पुढच्या रांगेतून सतत होणारी खटखट नट एकवेळ सहन करील, मागचा प्रेक्षक करणार नाही. मात्र हे शटर सेन्सर एका कडेकडून दुसऱ्या कडेपर्यंत ओळीओळीने वाचते, त्यामुळे लुकलुकणाऱ्या एलईडी दिव्यांखाली चित्रावर आडवे पट्टे उमटू शकतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-अधिक होतात आणि १/१०० सेकंदाला ते पट्टे बहुधा जातात, पण मंद केलेल्या रंगमंचीय एलईडीचे गणित निराळे असते. पडदा वर जाण्यापूर्वी प्रकाशयोजनेची चाचणी चालू असते, तेव्हाच दोन-चार चित्रे घेऊन पाहावीत. पट्टे दिसले तर सरळ यांत्रिक शटर वापरावे.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, फुल-फ्रेम बॉडी आता घ्या आणि लेन्स तूर्तास एपीएस-सीच्या स्वस्तातल्या वापरा. हे योग्य आहे का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : नाही. फुल-फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमीचा असतो. एपीएस-सी या लहान सेन्सरसाठीची लेन्स त्याच्या मधल्या सुमारे २३.५ × १५.६ मिमी भागावरच पुरेसे चित्र टाकते, आणि कॅमेरा बाकीचा भाग कापून टाकतो. चोवीस मेगापिक्सेलचे पैसे मोजून दहा-अकरा मेगापिक्सेल हाती येतात. उलट दिशेने मात्र अडचण नाही. त्याच माउंटची फुल-फ्रेम लेन्स एपीएस-सी बॉडीवर नीट चालते. फरक नावात दिलेला असतो : सोनीत 'एफई' म्हणजे फुल-फ्रेम आणि नुसते 'ई' म्हणजे एपीएस-सी, कॅननमध्ये 'आरएफ' आणि 'आरएफ-एस', सिग्मात 'डीजी डीएन' आणि 'डीसी डीएन', तर निकॉनच्या एपीएस-सी लेन्सवर 'डीएक्स' लिहिलेले असते. बिल फाडण्यापूर्वी खोक्यावरची ही अक्षरे वाचावीत.

प्रश्न : चोडण येथील डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात आणि जमल्यास मोले, खोतीगाव येथे पक्ष्यांची छायाचित्रे घ्यावी असे वाटते. वजन फार पेलवत नाही. (एक निवृत्त शिक्षिका, पणजी)

उत्तर : चोडण एकीकडे आणि मोले-खोतीगाव दुसरीकडे, ही ठिकाणे प्रकाशाच्या दृष्टीने परस्परविरुद्ध आहेत, हे आधी लक्षात घ्यावे. चोडणच्या खारफुटीत होडीतून फिरताना आभाळ मोकळे असते आणि खंड्या किंवा बगळा बऱ्यापैकी उजेडात बसलेला सापडतो. तिथे कॅननची आरएफ १००-४०० मिमी एफ/५.६-८ ही लेन्स तुम्हाला मनापासून सुचवीन. तिचे वजन सुमारे ६३५ ग्रॅम आहे, तिच्यात स्थिरीकरण आहे, आणि आर१० सारख्या एपीएस-सी बॉडीवर तिचा दृश्यकोन फुल-फ्रेमवरच्या ६४० मिमीइतका अरुंद होतो. होडीत तिपाई निरुपयोगीच असते, त्यामुळे हातात धरता येणारी लेन्स हा इथे मोठा गुण ठरतो. सोनी वापरायचा असेल तर ई ७०-३५० मिमी ही साधारण त्याच वजनाची लेन्स आहे.

मोले आणि खोतीगावचे रान निराळे. सकाळी साडेसात वाजता गर्द झाडीत बसलेल्या राखी धनेशासाठी एफ/८ अपुरे पडते, आयएसओ चढत जातो आणि पिसांचे बारकावे हरवतात. याला उपाय म्हणून जी लेन्स सांगितली जाते, उदाहरणार्थ निकॉनची झेड १८०-६०० मिमी किंवा सोनीची २००-६०० मिमी, ती दोन किलोंच्या घरातली असते, आणि एफ/६.३ ने मिळणारा प्रकाशाचा लाभही एक स्टॉपहून, म्हणजे दुपटीहून, कमीच. तुमच्या पत्राचा सूर पाहता त्या वाटेला जाऊ नये. रानात ऊन थोडे वर आल्यावर, वाटेच्या कडेच्या उघड्या फांद्यांवर लक्ष ठेवावे. पहाटेचे पक्षी दुर्बिणीतून पाहण्यातही पुष्कळ आनंद आहे. कोणतीही बॉडी निवडली तरी तिच्यात पक्ष्याचा डोळा ओळखून फोकस धरण्याची सोय आहे ना, हे पाहावे, कारण पारंब्या आणि फांद्यांच्या जंजाळात कॅमेरा एरवी पुढच्या पानालाच धरून बसतो.

प्रश्न : जुनी मिररलेस लेन्स विकत घेत आहे. गोव्याच्या हवेत लेन्सला बुरशी धरते म्हणतात. ती कशी ओळखावी आणि नंतर काय काळजी घ्यावी? माशेलच्या चिखलकाल्यालाही कॅमेरा न्यायचा आहे. (एक वाचक, सांगे)

उत्तर : लेन्सची दोन्ही झाकणे काढून एका बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका धरावा आणि दुसऱ्या बाजूने, लेन्स सावकाश फिरवीत, काचेच्या आत पाहावे. धूळ सुट्या ठिपक्यांसारखी दिसते. ती थोडी असेल तर सोडून द्यावी. बुरशी बहुधा कडेने सुरू होते आणि कोळ्याच्या जाळ्यातल्या धाग्यासारखे बारीक तंतू आत पसरलेले दिसतात. ती वाढली की काचेवरचा लेप खाते आणि मग साफसफाईनेही तो परत येत नाही. अशी लेन्स अर्ध्या किमतीतही घेऊ नये. हलवल्यावर आत काही सुटल्यासारखा आवाज आला तर मात्र घाबरून जाऊ नका. चुंबकीय मोटर असलेल्या काही लेन्समध्ये वीज नसताना काचेचा गट मोकळा असतो; बॉडीवर चढवून कॅमेरा चालू केल्यावर आवाज थांबला तर तो दोष नव्हे.

घरी ठेवण्याविषयी स्पष्टच सांगायचे तर, जून ते सप्टेंबर आपल्याकडे लाकडी कपाट ही लेन्स ठेवण्याची सर्वांत वाईट जागा आहे, आणि चामड्याचे किंवा कापडाचे कव्हर त्याहून वाईट, कारण ते ओल धरून ठेवते. सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्के राखणारी विजेवरची कोरडी पेटी घ्यावी. तिला वीज फार लागत नाही. तेवढा खर्च नको असेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक एवढ्यावरही भागते. मात्र जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडे करणे चुकवू नये. तांदळात लेन्स ठेवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. तांदूळ ओल फारशी शोषत नाही आणि त्याची पूड मात्र झूमच्या नळीत शिरते. सर्वांत चांगला उपाय फुकटचा आहे : लेन्स वापरात ठेवावी, आठवड्यातून एकदा तरी उजेडात काढावी.

वातानुकूलित गाडीतून उतरल्याबरोबर कॅमेरा बाहेर काढू नये. थंड काचेवर बाहेरच्या दमट हवेतले पाणी जमते, आणि त्याच क्षणी लेन्स बदलली तर ते सेन्सरपर्यंतही पोहोचते. पिशवी बंद ठेवून वीस-पंचवीस मिनिटे थांबावे.

चिखलकाल्यासाठी लेन्सच्या मागच्या धातूच्या कड्याभोवती रबराची बारीक पट्टी आहे का, ते पाहावे. ती असेल तर लेन्सच्या आणि बॉडीच्या सांध्यातून पाणी शिरण्यास अटकाव होतो, अर्थात बॉडीही तशीच बंदिस्त असेल तर. कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या छोट्या झूममध्ये ही पट्टी बहुधा नसते. पट्टी असली तरी कॅमेरा जलरोधक झाला असे नव्हे. आषाढातल्या सरीत वरून प्लास्टिकचे आवरण हवेच. देवकीकृष्णाच्या देवळासमोर पोरे-थोरे चिखलात लोळू लागली की लेन्स बदलण्याचा विचारही करू नये. मिररलेसमध्ये लेन्स काढताच बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर उघडा पडतो. एकच झूम, तिच्यावर साधा संरक्षक फिल्टर, आणि घरी आल्यावर आधी पिळलेल्या ओल्या फडक्याने, मग कोरड्या फडक्याने पुसणे एवढे पुरे आहे. समुद्रकिनाऱ्यावरून आल्यावरही हेच करावे, कारण खारे तुषार कोरड्या फडक्याने घासले तर मिठाचे कण काचेवर ओरखडे काढतात.

प्रश्न : कॅननचा एम५० अगदी स्वस्तात मिळतो आहे. घ्यावा का? (एक विद्यार्थिनी, मडगाव)

उत्तर : त्याचा माउंट ईएफ-एम आहे, आणि कॅननने ती मालिका बंद केली आहे. नव्या आरएफ लेन्स त्यावर बसत नाहीत, आणि ईएफ-एमच्या लेन्स आर मालिकेच्या बॉडीवरही बसत नाहीत, म्हणजे पुढे कॅमेरा बदलाल तेव्हा लेन्सही विकाव्या लागतील. डीएसएलआरच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स मात्र अ‍ॅडॉप्टरने त्याच्यावर नीट चालतात. घरात कोणाकडे तशा असतील, किंवा २२ मिमी एफ/२ ही कॅननची चिमुकली लेन्स लावून दोन-तीन वर्षे शिकण्यापुरता कॅमेरा हवा असेल, तर खुशाल घ्या. लेन्स एकेक करून जमवायचा विचार असेल तर त्याच पैशांत थोडी भर घालून आरएफ माउंटचा आर५० घ्यावा.