गाडीखालचे प्रश्न : ट्रकची चासी पिळते ती का?

प्रश्न : सर, मी मेकॅनिकलच्या सेकंड इयरला आहे. वर्गात शिकवलं की लॅडर फ्रेम (शिडीसारखी वेगळी चासी) पिळाला कमजोर असते आणि मोनोकॉक (बॉडीच चासी) कडक. मग एवढे ट्रक अजून लॅडर फ्रेमवरच का बनतात? पैसे वाचवायला?
– एक विद्यार्थी, सायन

उत्तर : पैसे वाचतात हे खरंय, पण तेवढ्यावर थांबू नकोस. घरी फॉइलचा रोल संपला की आतली पुठ्ठ्याची नळी घे आणि दोन्ही हातांनी पिळून बघ, दाद देणार नाही. मग कात्रीने तिला या टोकापासून त्या टोकापर्यंत एक उभी चीर दे आणि परत पीळ. पुठ्ठा तेवढाच, वजन तेवढंच, पण नळी एकदम लुळी. बंद सेक्शन आणि उघडा सेक्शन म्हणतात ते हेच. किती पट फरक पडतो ते काढायचं तर त्रिज्येला जाडीने भाग, वर्ग कर, तिनाने गुण. ३० मिमी त्रिज्या आणि ३ मिमी जाडी असेल तर एका चिरेने पिळाचा कडकपणा ३०० पट खाली येतो, तीनशे!

आता वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलला जा, ड्रायव्हरला विचार, चाकाला दगड लावलाय का बघ आणि मग वाकून खाली डोकाव. दोन लांब चॅनल दिसतील सी आकाराचे, मधे त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर. सी म्हणजे उघडा सेक्शन. बॉक्स करता आला असता पण नाही केला, कारण ट्रकचे पाटे, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंग, भरलेल्या लोडच्या हिशोबाने कडक असतात, एक चाक खड्ड्यात गेलं की पाटे त्याला पुरेसं खाली सोडत नाहीत, आणि वरून चासीही ताठ असली तर ते चाक अधांतरी राहणार, ग्रिप जाणार आणि सगळा ताण एखाद्या जॉइंटवर येऊन तिथे क्रॅक जाणार. चासी थोडी पिळली की चाकं जमीन धरून राहतात. म्हणूनच क्रॉस मेंबर बऱ्याचदा वेल्ड न करता रिव्हेट किंवा बोल्टने बसवतात.

तिथेच असताना भोकं पण बघ. ब्रॅकेटची जवळपास सगळी भोकं उभ्या पट्टीत म्हणजे वेबमध्ये सापडतील, वरच्या-खालच्या फ्लँजला सहसा कोणी हात लावत नाही. बेंडिंगचा ताण फ्लँजवर सगळ्यात जास्त आणि मधे न्यूट्रल अ‍ॅक्सिसवर शून्य, ही आकृती तू परीक्षेत दहा वेळा काढली असशील. बॉडी बांधणारे कधीकधी घाईत फ्लँजलाच ड्रिल मारतात किंवा वेल्डिंगचा टाका देतात, आणि पुढे क्रॅक बरोबर तिथूनच सुरू होतो.

कारमध्ये सगळं उलटं. स्प्रिंग मऊ, हँडलिंग नेमकं हवं, आणि चासीच पिळायला लागली तर वळणावर गाडीला कलू न देणारा अँटी-रोल बार कितीही बदला, पुढच्या-मागच्या चाकांचा हिशोब लागत नाही. म्हणून १९२२ च्या लान्सिया लँब्डापासून बॉडीलाच चासी करायचं सुरू झालं. आपल्या कुर्ल्यात बनायची ती पद्मिनी, २०२३ मध्ये टॅक्सीतून गेली, तिलाही वेगळी चासी नव्हतीच. मुंबईच्या दमट हवेत अशा गाडीची दाराखालची सिल सडली की नुसता पत्रा सडला म्हणू नये, चासी सडली.

प्रश्न : बाहा म्हणजे कॉलेजच्या टीमनी ऑफ-रोड गाडी बनवायची स्पर्धा, तिच्यासाठी आमच्या टीमचा रोल केज (ड्रायव्हरभोवतीचा नळ्यांचा पिंजरा) चाललाय. सिनिअर म्हणतात ४१३० क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनमचं मिश्र स्टील) घेतला की केज जास्त स्टिफ होतो. बजेट टाइट आहे, घ्यायचा का?
– एक विद्यार्थिनी, चेंबूर

उत्तर : सिनिअरना साध्या स्टीलचा आणि क्रोमोलीचा यंग्स मॉड्युलस, म्हणजे मटेरियलचा स्वतःचा कडकपणा, विचार. साधं स्टील असो की क्रोमोली, २०० गिगापास्कलच्या आसपासच, म्हणजे त्याच मापाची नळी असेल तर स्टिफनेस तोच, पैसे मात्र जास्त. क्रोमोलीत वाढते ती स्ट्रेंथ, म्हणजे कायमची वाकण्याआधी किती ताण सोसते ते.

खरी मजा मापात आहे. नियमातली नेहमीची नळी २५ मिमी व्यास, ३ मिमी जाडी, कार्बन किमान ०.१८ टक्के. त्याऐवजी ३१.७५ मिमी व्यासाची १.६ मिमी जाडीची घेतलीस तर वजन पाव भागाहून जास्त कमी होतं आणि बेंडिंगचा कडकपणा साधारण ३५ टक्के वाढतो, मटेरियल कुठलंही घे. स्वतः आय (सेक्शनचा मोमेंट ऑफ इनर्शिया) काढून बघ, दहा मिनिटांचं काम आहे. फक्त पातळ नळी वेल्ड करताना जळते, त्यामुळे वेल्डर चांगला हवा, आणि यंदाचं रूलबुक वाचूनच ऑर्डर दे.

आणि मटेरियलवर भांडण्याआधी केज नीट बघ गं. सस्पेन्शनचा पिकअप, म्हणजे ते केजला जोडतात ती जागा, नळीच्या मध्यावर लटकवलाय का? तो जिथे नळ्या एकत्र येतात त्या नोडवरच यायला हवा, नाहीतर नळी वाकणारच. मोकळा चौकोन दिसला की तिरपी नळी टाक. एवढं केलं तरी क्रोमोलीपेक्षा जास्त मिळेल.

प्रश्न : सेकंड हँड हॅचबॅक बघतोय. डीलर म्हणतो फक्त बंपर बदललाय. चासी ठोकलेली असेल तर कसं ओळखायचं?
– एक वाचक, बोरिवली

उत्तर : बॉनेट उघडा आणि इंजिनच्या दोन्ही बाजूंनी पुढे जाणारे रेल टॉर्च मारून बघा. सुरकुत्या, नवा सीलंट, एकाच बाजूला वेगळा रंग दिसला की समजा. कंपनीचे स्पॉट वेल्ड छोटे गोल आणि ठरावीक अंतरावर असतात, गॅरेजचं वेल्डिंग तसं नसतं. मग अलाइनमेंटवाल्याकडे न्या, डाव्या-उजव्या चाकांच्या कॅस्टर-कँबरमध्ये (चाकांच्या बसण्याच्या कोनांमध्ये) मोठा फरक आला आणि अ‍ॅडजस्ट करूनही जात नसेल, टायर एका बाजूने खाल्लेला असेल, तर मामला बंपरचा नाही. रेलवर वेल्डिंगची जाड रेघ दिसली तर भावात घासाघीस करत बसू नका, दुसरी गाडी बघा.