पेशीभित्तिका की पेशीपटल?

प्रश्न (फोंडा) : गोव्यातील चोडण बेटावरच्या खारफुटीवरील एका लेखात ‘खाऱ्या पाण्यातील मीठ मुळांच्या पेशीभित्तिकेकडून अडवले जाते’ असे वाक्य आहे. येथे ‘पेशीपटल’ हवे होते का? ‘प्रद्रव्यपटल’ निराळे असते काय? आणि पटलाला ‘अर्धपार्य’ म्हणावे की ‘निवडक्षम’?

उत्तर : या वाक्यात ‘पेशीपटल’च हवे होते, मात्र भित्तिकेचा मीठ अडवण्याशी काहीच संबंध नाही, असेही नाही. भित्तिका म्हणजे वनस्पती, कवके आणि बहुतेक जीवाणू यांच्या पेशींभोवतीचे ताठ कवच. वनस्पतींमध्ये ते मुख्यतः सेल्युलोजचे असते आणि पाणी व त्यात विरघळलेले क्षार त्यातून बऱ्याच अंशी मोकळेपणाने ये-जा करतात. पटल तिच्या आत, पेशीद्रव्याला लागून असते आणि ते प्राण्यांच्या पेशींनाही असते. म्हणून तांबड्या रक्तपेशीची ‘भित्तिका’ असे कोठे छापलेले दिसले, तर ते चूक समजावे. रॉबर्ट हूकने १६६५ साली बुचाच्या कापात पाहिलेल्या चौकटी मृत पेशींच्या भित्तिका होत्या. पटलाची जाडी जेमतेम ७ ते ८ नॅनोमीटर, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याची रचना दिसणे शक्यच नाही.

तरीही त्याची जागा दाखवता येते. अंगणात शोभेसाठी लावतात त्या ऱ्हिओच्या पानाची जांभळी साल काचपट्टीवर घेऊन तिच्यावर मिठाचे दाट पाणी सोडले, की पेशींतील पाणी बाहेर पडते, आतला जांभळा भाग आक्रसतो आणि कोपऱ्यांपासून सुटू लागतो. जागच्या जागी उरलेली चौकट ही भित्तिका, आणि आत सरकलेल्या भागाच्या कडेलगत पटल. उन्हाळ्यात आपण मिठात घालतो त्या तोरांना, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांना, सुरकुत्या पडतात, त्यामागेही हेच परासरण, म्हणजे पटलातून दाट द्रावणाकडे होणारे पाण्याचे वहन, असते.

आता खारफुटी. मुळाच्या अंतस्त्वचेतील, म्हणजे जलवाहिन्यांभोवतीच्या पेशीथरातील, भित्तिकांमध्ये सुबेरिन नावाचे मेणचट द्रव्य बसलेले असते. त्यामुळे पेशींच्या कडेकडेने, म्हणजे भित्तिकांमधूनच, आत शिरण्याची वाट बंद होते आणि जलवाहिन्यांपर्यंत पोहोचण्यासाठी पाण्याला पटल ओलांडावेच लागते. बरेचसे मीठ मागे राहते ते या ओलांडण्यात. तेव्हा ‘मुळांतील पेशीपटले बरेचसे मीठ बाहेरच रोखतात’ असे वाक्य मी सुचवीन. ‘बरेचसे’ वगळू नये, कारण काही जातींमध्ये आत आलेले मीठ पानांतील ग्रंथींवाटे बाहेर टाकले जाते.

‘पेशीपटल’ आणि ‘प्रद्रव्यपटल’ एकच. मात्र पेशीतील केंद्रकाला आणि तंतुकणिकेलाही (मायटोकॉन्ड्रियाला) स्वतःची पटले असल्यामुळे, त्यांचा उल्लेख शेजारीच येत असेल तर ‘प्रद्रव्यपटल’ लिहिलेले बरे. एरवी वर्तमानपत्री लेखनाला ‘पेशीपटल’ पुरते.

‘अर्धपार्य’ मला पटत नाही. द्रावक (जसे पाणी) जाऊ देणाऱ्या आणि विद्राव्य (त्यात विरघळलेला पदार्थ) अडवणाऱ्या, प्रयोगशाळेतील निर्जीव पटलाला ते विशेषण शोभते. पेशीपटलाचा पाया स्निग्ध रेणूंच्या दुहेरी थराचा असतो, हे गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५ साली मांडले. त्या थरात प्रथिने रुतलेली असून ती त्यात सरकूही शकतात, हे चित्र सिंगर आणि निकल्सन यांनी १९७२ साली दिले. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड असे लहान रेणू त्या स्निग्ध थरातून सहज जातात, पण सोडियम-पोटॅशियमच्या आयनांना प्रथिनांची मदत लागते. पाण्यासाठीसुद्धा खास प्रथिनमार्गिका आहेत. त्यांच्या शोधाबद्दल पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. प्राण्यांच्या पेशींतील एक प्रथिन तर ऊर्जा खर्चून सोडियमचे ३ आयन बाहेर काढते आणि पोटॅशियमचे २ आत घेते. इतक्या चोखंदळ व्यवहाराला ‘निवडक्षम’ हेच विशेषण योग्य.

महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तकांत ‘निवडक्षम पारपटल’ असा जोडशब्द येतो, पण तेथे एक अडचण आहे : डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक आवरणालाही ‘पारपटल’च म्हणतात. तेथे ‘पार’चा रोख प्रकाशाकडे, येथे पदार्थांकडे. सर्वसामान्य वाचकासाठी लिहिताना मी ‘निवडक्षम पटल’ एवढेच लिहितो.