मागच्या चाकांची पकड आणि डिफरन्शियलची निवड : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी रोजच्या वापरातली सेडान मागच्या चाकांनी चालते. इंजिनची ताकद थोडी वाढवून घेतल्यापासून ओल्या रस्त्यावर वळणातून बाहेर पडताना आतल्या बाजूचे मागचे चाक नुसतेच फिरत राहते. गाडीत कारखान्याचे साधे डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारा आणि वळणात त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) आहे. त्याऐवजी लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एका चाकाच्या घसरण्याला आवर घालणारे) घ्यायचे ठरवले आहे, पण क्लच प्लेटचे, गिअरचे की व्हिस्कस, हे ठरत नाही. सोबतच क्राउन-पिनियन (डिफरन्शियलला फिरवणारी गिअरजोडी) ३.७३ रेशोऐवजी ४.१० चे घेतले, तर पकड सुधारेल का?

उत्तर : क्राउन-पिनियनचा विषय आधी संपवू. ४.१० चा संच घेतल्यास प्रत्येक गिअरमध्ये चाकापर्यंत पोहोचणारा टॉर्क (फिरवणारा जोर) सुमारे १० टक्के वाढेल आणि त्याच वेगाला इंजिनचे फेरेही तेवढेच वाढतील. ज्या चाकाला आत्ताचाच टॉर्क पेलवत नाही, ते यामुळे आणखी लवकर घसरेल. गाडीला चपळाई हवी असेल तर हा बदल उपयोगी आहे. पकडीसाठी तो उलटा पडेल.

साधे डिफरन्शियल सगळी ताकद घसरणाऱ्या चाकाला देऊन टाकते, असे सर्रास म्हटले जाते, ते बरोबर नाही. ते दोन्ही चाकांना जवळजवळ सारखाच टॉर्क देते. अडचण एवढीच, की कमी पकड असलेले चाक जितका टॉर्क पेलते तितकाच दुसऱ्यालाही मिळतो. वळणात गाडीचे वजन बाहेरच्या बाजूला जाते आणि आतले चाक हलके होते. समजा, ते ३०० न्यूटन-मीटर पेलते आणि बाहेरचे १००० पेलू शकते, तर रस्त्यावर एकूण ६०० च उतरतात आणि बाहेरच्या चाकाची उरलेली क्षमता वाया जाते.

खर्च करण्यापूर्वी दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. पहिली म्हणजे टायर. झिजलेले किंवा जुनाट, कडक झालेले टायर असतील तर कोणतेही डिफरन्शियल नसलेली पकड निर्माण करू शकत नाही. असलेली पकड दोन चाकांत नीट वाटणे एवढेच त्याचे काम आहे. दुसरी म्हणजे मागचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणात गाडीचे कलणे कमी करणारा दांडा. तो जाड बसवला असेल, तर वळणात आतले चाक वाजवीपेक्षा जास्त हलके होते आणि दोष डिफरन्शियलला दिला जातो. आपल्या गाडीला मागे सलग एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच आस) असेल आणि सरळ रस्त्यावर जोरात निघतानाही नेहमी उजवेच चाक घसरत असेल, तर त्याचे कारण वेगळे आहे : प्रॉपेलर शाफ्टच्या (ताकद मागे नेणाऱ्या दांड्याच्या) पिळामुळे एक्सलची डावी बाजू दाबली जाते आणि उजवी उचलली जाते. डिफरन्शियलचे हाउसिंग बॉडीला बांधलेले असते अशा स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीत हा प्रकार होत नाही.

आता निवडीकडे येऊ. आपल्यासारख्या वापरासाठी माझा कौल स्पष्टपणे गिअरच्या प्रकाराला, म्हणजे हेलिकल किंवा टॉर्सन पद्धतीच्या डिफरन्शियलला आहे. यात टॉर्क येताच आतले गिअर एकमेकांवर आणि हाउसिंगवर दाबले जातात आणि त्या घर्षणामुळे जास्त पकड असलेल्या चाकाकडे काही पट जास्त टॉर्क जातो. हे प्रमाण २.५ धरले, तर वरच्या उदाहरणात आतल्या चाकाला ३००, बाहेरच्याला ७५० आणि एकूण १०५० न्यूटन-मीटर मिळतात. ही क्रिया अलगद सुरू होते, सुकाणूला झटका बसत नाही, झिजायला घर्षण प्लेट नसतात आणि बहुतेक ठिकाणी नेहमीचे गिअर ऑइल चालते.

त्याची मर्यादाही या गुणाकारातच आहे. एक चाक पूर्ण हवेत उचलले गेले, तर शून्याची कितीही पट शून्यच राहते आणि गाडी जवळजवळ साध्या डिफरन्शियलसारखी वागते. अमेरिकी सैन्याच्या हम्वी वाहनात टॉर्सन डिफरन्शियल असतात. त्याचे चाक अधांतरी फिरू लागले, की अॅक्सिलरेटर न सोडता ब्रेक हलका दाबायचा असतो, कारण ब्रेकमुळे मोकळ्या चाकावर थोडा विरोध निर्माण होतो आणि गुणाकाराला काहीतरी आकडा मिळतो. आपल्या गाडीत ब्रेकवर चालणारे ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर हेच काम ते आपोआप करते, त्यामुळे या दोघांची जोडी चांगली जमते.

क्लच प्लेटचे डिफरन्शियल तेव्हा घ्यावे, जेव्हा गाडी ट्रॅकवरही धावते किंवा वळणात तिचे आतले चाक खरोखर उचलले जाते. त्यात स्प्रिंगचा सुरुवातीचा दाब असल्याने एक चाक हवेत असतानाही दुसऱ्याला काही टॉर्क मिळतो. किती आणि कधी जखडायचे, म्हणजे दोन्ही चाके एकमेकांना बांधायची, हे आतल्या उतारांच्या कोनांवर ठरते. टू-वे प्रकार अॅक्सिलरेटर दाबल्यावर आणि सोडल्यावर सारखाच जखडतो, त्यामुळे वळणात शिरताना गाडी सरळच जाऊ पाहते. रस्त्यासाठी घ्यायचेच असेल तर वन-वे (फक्त अॅक्सिलरेटर दाबल्यावर जखडणारे) किंवा १.५-वे (सोडल्यावर कमी जखडणारे) घ्यावे. प्लेट झिजतात, तेल वेळेवर बदलावे लागते आणि कालांतराने संच उघडावा लागतो, हे गृहीत धरूनच ते विकत घ्यावे. व्हिस्कस प्रकारात सिलिकॉन द्रव तापून घट्टपणे काम करू लागेपर्यंत चाक घसरून झालेले असते, शिवाय उष्णतेने तो द्रव निकामी होत जातो. आज मुद्दाम तो निवडण्याचे कारण मला दिसत नाही.

ओल्या रस्त्याबद्दल एक इशारा द्यायलाच हवा, कारण विक्रेते तो सहसा देत नाहीत. साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरते तेव्हा दुसरे न घसरता गाडीची शेपटी जागेवर धरून ठेवते. लिमिटेड स्लिपमध्ये पकड संपण्याची वेळ उशिरा येते, पण येते तेव्हा दोन्ही चाके एकदम सुटू शकतात आणि गाडीचा मागचा भाग बाजूला सरकतो. म्हणून पहिल्या पावसात अॅक्सिलरेटर जपून वापरावा आणि स्टॅबिलिटी कंट्रोल बंद करू नये.

खरेदीच्या वेळी एक्सल शाफ्टच्या स्प्लाइनची (टोकावरच्या खाचांची) संख्या, बेअरिंगचे माप आणि क्राउन व्हीलच्या बोल्टचा व्यास जुळतो का, ते पाहावे. काही एक्सलमध्ये ठरावीक रेशोच्या पुढे डिफरन्शियलची केसच वेगळी लागते, तेव्हा मागवण्याआधी आपला रेशो विक्रेत्याला कळवावा. बसवताना क्राउन-पिनियनचा बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) मोजून घेणे आणि दातांवर रंग लावून ठसा तपासणे हे काम ज्याच्याकडे डायल गेज आहे अशाच कारागिराकडून करून घ्यावे. अंदाजाने बसवलेले उत्तम डिफरन्शियलही घोंघावू लागते.

प्रश्न : साध्या डिफरन्शियलमधले स्पायडर गिअर (आतले छोटे गिअर) वेल्डिंग करून दोन्ही चाके कायमची जोडली, तर फारच कमी खर्चात काम होते, असे एका मित्राने सांगितले. रस्त्यावर ते चालेल का?

उत्तर : चालवू नये. वळणात बाहेरचे चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापते. ते जोडून टाकले की प्रत्येक वळणात एक टायर घासतो, एक्सल शाफ्टवर पीळ साठतो आणि ओल्या वळणावर गाडी केव्हा फिरेल याचा नेम राहत नाही. मागच्या दोन चाकांचे वेग एकमेकांना बांधले गेल्याने एबीएसच्या कामातही गोंधळ होतो. वेल्डिंग तुटून तुकडा क्राउन-पिनियनमध्ये अडकला, तर मागची चाके चालत्या गाडीतच जाम होऊ शकतात.

प्रश्न : क्लच प्लेटचे डिफरन्शियल बसवल्यापासून पार्किंगमध्ये सावकाश वळताना मागून थरथर आणि खडखड जाणवते. संच सदोष आहे का?

उत्तर : बहुधा नाही. प्लेट एकमेकींवर घसरण्याऐवजी अडकत-सुटत आहेत, त्याचा हा आवाज आहे. उत्पादकाने सांगितलेले तेल आणि घर्षण कमी करणारे अॅडिटिव्ह घातले आहे का, ते आधी पाहावे. मग मोकळ्या जागेत सावकाश इंग्रजी आठच्या आकारात काही फेऱ्या माराव्यात, म्हणजे ते प्लेटच्या मधल्या फटींत पोहोचते. अॅडिटिव्ह मात्र मापातच घालावे. जास्त झाले तर आवाज जाईल आणि जखडण्याची क्षमताही जाईल. मागचे दोन टायर वेगवेगळ्या झिजेचे असतील तर सरळ रस्त्यावरही प्लेट सतत घासत राहतात, हेही तपासून घ्यावे. यानंतरही शंका उरली, तर इंजिन बंद ठेवून, गिअर न्यूट्रलमध्ये घालून, पुढच्या चाकांना अडसर लावून एक मागचे चाक उचलावे आणि ते टॉर्क रेंचने फिरवायला किती जोर लागतो, याची माहितीपत्रकातल्या आकड्याशी तुलना करावी. या स्थितीत इंजिन सुरू करून गिअर कधीही टाकू नये : जमिनीवर टेकलेल्या चाकालाही टॉर्क मिळतो आणि गाडी जॅकवरून निसटून पुढे जाते.